नर्सला एक परवाना, डॉक्टरला अनेक

अमेरिकेत नर्स आणि डॉक्टर, दोघांसाठीही राज्याराज्यांत परवान्यांचे करार आहेत. रीत मात्र वेगळी. नर्सिंगच्या करारात (सुधारित रूप २०१८ पासून) राहत्या राज्याने दिलेला एकच परवाना सगळ्या सदस्य राज्यांत चालतो, गाडीच्या लायसन्ससारखा. घर दुसऱ्या सदस्य राज्यात हलवलं, की ६० दिवसांत तिथे अर्ज करायचा, एवढंच.

डॉक्टरांच्या करारात (२०१७ पासून) पात्रतेची छाननी तेवढी एकदा होते. पुढे प्रत्येक राज्याचा परवाना वेगळा, फी वेगळी, नूतनीकरण वेगळं. वर कराराचे ७०० डॉलर.

फोनवरून उपचार करताना हा फरक जास्त जाणवतो, कारण पेशंट ज्या राज्यात बसलाय तिथे चालणारा परवाना सहसा लागतो. न्यू जर्सीतली मराठी नर्स तिच्या बहुराज्य परवान्यावर डेलावेअरच्या आजींची विचारपूस करू शकते; न्यू जर्सीतल्याच डॉक्टरला आधी डेलावेअरची वेगळी परवानगी काढावी लागते. मला नर्सिंगचीच वाट पेशंटच्या हिताची वाटते. त्यात शिस्तही सुटत नाही: नर्सची चूक झाली तर पेशंटचं राज्य आपल्या हद्दीत तिचं काम थांबवू शकतं.

कॅलिफोर्निया मात्र २०२५ मध्येही दोन्ही करारांबाहेर होतं.