चटणीतले नूडल्स: पावसाळाभर आणि हिवाळाभर खाल्ल्यानंतर

निकाल आधीच सांगते: रात्री उशिरा एकट्यापुरतं काही झणझणीत हवं असेल तर याला तोड नाही. डब्यात न्यायचं असेल तर दुसरं काही बघा.

नोकरी मिरजेत, खोली सांगलीच्या विश्रामबागेत. आठ-साडेआठला घरी आल्यावर भाजी चिरायची इच्छा उरत नाही. पण घरात कांदा-लसणाची चटणी, दाण्याचं कूट, लसूण आणि शेंगतेल कायम असतं. त्यात साध्या हक्का नूडल्सची आणि सोया सॉसची भर पडली, एवढंच.

एकीसाठी साधारण ७५ ग्रॅम नूडल्स उकळत्या पाण्यात टाकते आणि पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या मिनिटभर आधी काढते. अर्धी वाटी पाणी मात्र फेकत नाही. एका वाडग्यात चमचाभर चटणी, दोन चमचे कूट, चहाचा एक चमचा सोया, थोडं व्हिनेगर, चिमूटभर गूळ. कढल्यात दोन मोठे चमचे तेल तापवून त्यात लसणाचे काप सोनेरी करते, गॅस बंद करते, जरा थांबते आणि मग ते तेल चटणीवर ओतते. चर्र असा आवाज येतो आणि तेल लालभडक होतं. मग राखलेलं पाणी थोडं थोडं घालत नूडल्स कालवायच्या.

सगळी मेख त्या थांबण्यात आहे. चटणीतलं खोबरं, तीळ, कांदा आधीच भाजलेले असतात, ते फार तापलेल्या तेलात क्षणात काळे पडून कडवट लागतात. तेल मात्र हवंच, कारण मिरचीचा रंग आणि तिखटपणा तेलात उतरतो, पाण्यात नाही. चीनच्या शाआन्शी प्रांतात रुंद नूडल्सवर तिखट आणि लसूण ठेवून वरून कडकडीत तेल ओततात. युक्ती तिथली, पण त्यांच्या नुसत्या मिरचीपेक्षा आपली चटणी लवकर करपते, हे लक्षात ठेवायचं. नूडल्सच्या पाण्यातली पेज आणि कूट यांच्यामुळे तेल वर तरंगत नाही, नूडल्सला धरून राहतं. साधं पाणी घातलं की तळाशी लाल तेलाचं तळं होतं.

आता तक्रारी. मीठ हा यातला खरा शत्रू. चटणीत मीठ, सोयात मीठ, म्हणून उकळताना मी मीठ घालतच नाही. विकतची चटणी असेल तर सोया अर्ध्यावर आणते. घरची चटणी उन्हाळ्यात डंकावर कांडलेली, रंगाला ब्याडगी आणि तिखटाला संकेश्वरी. पावसात ती दमट होते, वासही जरा मवाळतो. बरणीत हिंगाचा खडा आणि कोरडा चमचा, याला पर्याय नाही.

झटपट पाकिटातल्या नूडल्स घेऊ नका. त्या बहुतेक तळूनच वाळवलेल्या असतात. त्यात हे तेल पडलं की खाणं जड जातं. आणि आधीच मसाल्याची पुडी असताना चटणी कशाला? आईने पाठवलेल्या गव्हाच्या शेवयांवरही केलं. भाजून घेतल्या तर चालतात, नाहीतर सरळ लगदा होतो.

डब्याचं म्हणाल तर दुपारपर्यंत नूडल्स सगळा रस पिऊन बसतात आणि झाकण उघडल्यावर एक घट्ट वडी निघते. दोन चमचे गरम पाणी घालून सोडवता येतं, पण ऑफिसात तेवढं कोण करणार? शिवाय ठसका. खालच्या काकू जिन्यात भेटल्या की म्हणतात, "काल रात्री पण तेच का गं? आमच्याकडं सगळे शिंकत होते." खिडकी उघडून करा. रात्री जळजळणाऱ्यांनी चटणी अर्धा चमचाच घ्यावी, कूट वाढवावं.

यातली सर्वात आवडती भर म्हणजे वरून मूठभर सांगलीचं भडंग. मात्र ते ताटात, आणि पहिला घास घेण्याच्या अगदी आधी. तेवढ्या वेळात फोन आला की कुरकुरीतपणा गेला. अंडं घालायचं असेल तर वेगळं तळून वर ठेवा. कालवताना फोडलं की चटणीचा तिखटपणा पार बोथट होतो.