मुलाच्या शाळेतली परसबाग, एक वर्षाचा अनुभव

मुलगा पाचवीला आहे, शाळा जिल्हा परिषदेची. मागच्या जूनला शाळेमागच्या अर्ध्या गुंठ्यात परसबाग चालू केली तेव्हा मला वाटलेलं चार दिवस फोटो काढतील आणि मग गवत माजेल. त्याच्या आधीच्या शाळेत रंगवलेल्या कुंड्या होत्या पण पोरांनी हात लावायचा नाही, गॅदरिंगला पाहुण्यांना दाखवायच्या फक्त. इथं तसं झालं नाही म्हणून मुद्दाम लिहितेय.

आठवड्याला दोन तास टाइमटेबलमध्येच टाकलेत. पहिली मेथी पोरांनी बोटभर खोल पेरली, ती उगवलीच नाही. सर रागावले नाहीत, परत पेरायला लावली, अर्धा वाफा खोल आणि अर्धा नुसता मातीआड, चार-पाच दिवसांत मातीआडची मेथी वर आली आणि पोरांना कळायचं ते कळलं. महिन्याभरात ती खिचडीत गेली, आणि घरी मेथी बघून ताट सरकवणारा माझा पोरगा दोनदा मागून खाऊन आला!

नंतर चवळीच्या शेंड्यांवर काळा मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, पडले. त्यात नारिंगी ठिपक्यांच्या काळ्या अळ्या दिसल्या तर पोरं त्याच चिरडायला लागली, सरांनी थांबवून हातात भिंग दिलं, बघतात तर अळी एकेक मावा धरून खातेय. ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्डची, अळी होती ती. मी शेतकऱ्याची लेक, पण मला हे पोराकडून कळलं, आमच्याकडे किडा दिसला की पंप पाठीवर.

आता खटकलं ते. पहिले दोन महिने खुरपायला मुली आणि पाण्याचा पाइप मुलांकडे, पालक सभेत बोलले तेव्हा पाळ्या लावल्या. आणि मे महिन्यात पाणी कोण घालणार हे कोणी ठरवलंच नव्हतं, वांगी गेली, दोन शेवगे गेले, पोरगा जूनला शाळेतून रडत आला. सुट्टीची जबाबदारी एप्रिलमध्येच नावानिशी ठरली पाहिजे, शाळेतून कोणी नसेल तर आम्ही पालक घेऊ.

याने अभ्यास बुडतो असं काही पालक म्हणतात, मला पटत नाही. वाफ्याचं क्षेत्रफळ पोरं टेप लावून काढतात. १९८३ साली डॉ. कलबागांनी सुरू केलेल्या, पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाने आठवी ते दहावीसाठी शेती आणि वर्कशॉपचं काम शाळेच्या विषयातच बसवून दाखवलंय. शाळेत पोषण बाग करा हे तर केंद्राच्या २०१९ च्या गाइडलाइनमध्येच आहे. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार, एक मे महिन्यासाठी कापला.

यंदा वेलांसाठी मांडव घालतायत. गावातल्या कोणाकडे दोडक्याचं, घेवड्याचं घरचं बी असेल तर वर्गात नेऊन द्या, पाकिटातलं आणलंय पण ते संकरित असलं तर त्याचं धरलेलं बी तसंच येत नाही, आणि पोरांना बी धरायला शिकायचंय.