किनाऱ्यावरच्या वाऱ्यात टार्प: दिवाळी ते मे वापरल्यानंतरचा अनुभव

दिवाळीच्या आधी घेतलेला 3 बाय 3 मीटरचा टार्प (सावलीसाठी दोऱ्यांनी ताणून बांधायचं कापड) आता पावसाळा तोंडावर आलाय तोवर भरपूर वापरून झालाय, म्हणून सविस्तर लिहितोय. पुण्याहून ताम्हिणी उतरून दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर हे आमचं सारखं चालू असतं, सोबत आई-बाबा आणि लेक, त्यामुळे सावली लागतेच, आणि सुट्टीच्या दिवशी सुरूच्या बनात जागा मिळेलच असं नसतं.

कापडावर मी खूश आहे. रिपस्टॉप पॉलिस्टर (म्हणजे फाटलं तरी चीर पुढे पसरू नये अशी जाळीदार वीण), वजन किलोच्या आतबाहेर. नायलॉन ओलं झालं की सैल पडतं, पॉलिस्टरला तो त्रास खूप कमी, म्हणून मुद्दाम हेच घेतलं आणि पहाटेच्या दवातही ताण बऱ्यापैकी राहतो. कोपऱ्यातल्या पट्ट्यांचा एकही टाका उसवला नाहीये. पितळी रिंगा मात्र खाऱ्या हवेने हिरवट झाल्यात आणि एका रिंगेभोवतीचं कापड ताणून पांढरं पडायला लागलंय, म्हणून आता दोऱ्या फक्त पट्ट्यांनाच बांधतो.

सोबत आलेल्या खुंट्या वाळूत काही कामाच्या नाहीत, हे कंपनीने पाकिटावर लिहायला पाहिजे होतं. वीतभर अॅल्युमिनियमच्या, कोरड्या वाळूतून दोन बोटांनी निघतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी 36 किलोमीटरच्या वाऱ्यात समोर उभ्या धरलेल्या एक चौरस मीटर कापडावर साधारण 6 किलोचा दाब येतो, आणि हा टार्प 9 चौरस मीटरचा, म्हणजे भिंतीसारखा उभा केला तर पन्नास-पंचावन्न किलोची ओढ, ती या खुंट्यांनी कशी पेलायची?

त्यावर उपाय म्हणजे पुरलेल्या पिशव्या. जुन्या जीन्सचे पाय कापून आमच्या शिंप्याकडून एका बाजूने शिवून घेतले, वाळू भरली की प्रत्येकी दहा-बारा किलो होतात. दोरी पिशवीच्या मधोमध बांधायची, दीड फूट खोल चर खणायचा, पिशवी दोरीच्या ओढीला आडवी टाकायची आणि वरून ओली वाळू लोटून पायाने चांगली दाबायची. कोरडी वाळू कितीही टाकली तरी सरकते, ओली बसते, त्यामुळे लेकीला बादली देऊन पाणी आणायला लावतो. दोरी जमिनीकडे जितकी झोपलेली तितकं बरं, उभी दोरी पिशवीला वर उचलते. दोरी आणि टार्पच्या मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घातला की वाऱ्याचा झटका ट्यूब खाते, शिलाईवर येत नाही. दोरी बोहरी आळीतून घेतली, चांगली गुळगुळीत वेणीची, वळलेल्या दोरीत वाळू शिरून गाठ सुटता सुटत नाही.

पण खरी गंमत दिशेची आहे आणि ती कुणी सांगत नाही. आपल्या कोकणात सकाळी वारा बहुतेक जमिनीकडून समुद्राकडे असतो आणि ऊनही पूर्वेकडून. अकरा-बाराच्या सुमारास वारा फिरतो, समुद्राकडून यायला लागतो, दुपारी जोर धरतो, आणि तोवर सूर्यही पश्चिमेला कललेला असतो. म्हणजे ऊन आणि वारा एकाच बाजूने! सकाळी टार्पची पूर्वेकडची कड वाळूला टेकवून समुद्राकडे उघडं ठेवायचं, दुपारी उलटं करायचं, समुद्राकडची कड खाली आणि तोंड जमिनीकडे. आईला समुद्र दिसत नाही म्हणून वाईट वाटतं, मलाही वाटतं, पण त्या वेळी समुद्राकडे तोंड ठेवलं तर वारा आत शिरून टार्पचा पतंग होतो. उंचीही बेताचीच, पुढचा खांब कमरेपेक्षा थोडा वर, बसायला आणि आडवं व्हायला पुरतं. खांब जोडाजोडीचे अॅल्युमिनियमचे घेऊ नका, सांध्यात वाळू अडकली की उघडत नाहीत, साधा बांबू बरा.

जागा कायम भरतीच्या रेषेच्या वर. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी रोजच्यापेक्षा पुढे येतं हे धरून चला. आणि निघताना खड्डे बुजवा, अगदी सगळे. साधारण नोव्हेंबर ते मार्च हा ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा काळ, वेळाससारख्या किनाऱ्यांवर पिल्लं वाळूतून निघून पाण्याकडे जातात, आणि आपण सोडलेल्या फूटभर खड्ड्यात पडलेल्या पिल्लाला वर येता येत नाही. वनस्पती वाढलेल्या वाळूच्या उंचवट्यावरही खणू नका.

घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवून सावलीत वाळवतो, मीठ राहिलं तर कापड चिकट लागतं आणि दमट राहतं. साडेतीन हजारांच्या आसपास पडला, पैसे वसूल आहेत, मी पाचपैकी चार देईन, एक खुंट्यांचा कापला. घेणार असाल तर कडेच्या मधोमधही पट्ट्या आहेत का ते आधी बघा, नुसत्या चार कोपऱ्यांवर वाऱ्यात कापड फार फडफडतं.