लोकलसेंड : नौपाड्यातल्या डीटीपीच्या दुकानात वापरून पाहिल्यावर

फोनमधली फाइल कॉम्प्युटरवर घेण्यासाठी आमच्या दुकानात गेल्या पावसाळ्यापासून लोकलसेंड चालू आहे. पत्रिका, फ्लेक्स, पावती पुस्तकं, पासपोर्ट फोटो अशी आमची कामं. गणपती झाले, लग्नसराई झाली, पाडव्याच्या स्वागतयात्रेचे बॅनरही यावरच निघाले. ॲप चांगलं आहे, हे आधीच सांगतो. पण "फाइल जात नाही" ही तक्रार या काळात जेव्हा जेव्हा आली, तेव्हा खोट बहुधा राउटरमध्ये नाहीतर विंडोजमध्ये निघाली. त्यामुळे ॲपबद्दल थोडंच लिहितो.

गिऱ्हाईक सवयीने फोटो व्हॉट्सॲपवर टाकतं. तिथे तो दाबला जातो आणि मोठ्या फ्लेक्सवर ताणला की भाऊंचा चेहरा फुटतो. मग भाऊंची पोरं आमच्याशी भांडतात. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर मूळ फाइल येते, पण ती आधी नेटवर चढणार आणि मग उतरणार. दुकान जुन्या इमारतीच्या तळमजल्याला, आतल्या बाजूला. मोबाइलला रेंज जेमतेम. शेअरइट आणि झेंडर ही फाइल पाठवायची ॲपं जून २०२० च्या चिनी ॲपवरच्या बंदीत गेली. गुगलचं निअरबाय शेअर जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगच्या क्विक शेअरमध्ये मिसळलं. अँड्रॉइड ते विंडोज एवढंच काम असेल तर ते उत्तम. आमच्याकडे मात्र आयफोनवाले येतात आणि एक जुना पीसी लिनक्सवर आहे.

लोकलसेंड या सगळ्यांवर चालतं. फुकट आहे, ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला) आहे, जाहिरात नाही, खातं उघडायची भानगड नाही. फाइल राउटरपुरतीच फिरते, इंटरनेट लागत नाही. नौपाड्यात गल्लोगल्ली रिडेव्हलपमेंट चाललंय. खोदकामात केबल तुटली की नेट दिवसभर गायब, पण राउटरला वीज असेपर्यंत आमच्या फाइली येत राहतात.

आता दुखणी.

सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य : "काका, तुमचा कॉम्प्युटरच दिसत नाहीये." पहिल्यांदा बघा, गिऱ्हाईक गेस्ट वाय-फायवर आहे का. गेस्ट नेटवर्क बनवलेलंच असतं पाहुण्याला आतली यंत्रं दिसू नयेत म्हणून. काही राउटरमध्ये हीच अडवणूक मुख्य वाय-फायवरही चालू असते. सेटिंगमध्ये 'एपी आयसोलेशन' किंवा 'क्लायंट आयसोलेशन' नावाने सापडते. तशी ती चांगली गोष्ट आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला दुकानाचं मुख्य वाय-फाय देऊ नये, या मताचा मी आहे. त्यामुळे आम्ही गेस्ट तसंच ठेवलं आणि विंडोजमधला 'मोबाइल हॉटस्पॉट' फक्त फाइल घेण्यापुरता लावतो. गिऱ्हाईकाचा फोन थेट कॉम्प्युटरला जोडला जातो, राउटर मध्ये येतच नाही. कारण कळत नसेल तेव्हाही आधी हेच करून बघा. हॉटस्पॉटवर फाइल गेली, तर ॲप ठीक आहे आणि राउटर तपासायला हवा.

दुसरं दुखणं दोन राउटरचं, आणि ठाण्यातल्या घराघरांत ते आहे. नेटवाल्याने दिलेला डबा हॉलमध्ये, रेंज बेडरूमपर्यंत पोचत नाही म्हणून आपण घेतलेला दुसरा राउटर त्याच्या पुढे. कॉम्प्युटर डब्याला केबलने, फोन दुसऱ्या राउटरवर. नेट दोन्हीकडे झकास, पण दोघं वेगळ्या जाळ्यात. दोन्हीकडचा आयपी पत्ता (जाळ्यात यंत्राला मिळालेला क्रमांक, नेटवर्कच्या सेटिंगमध्ये दिसतो) वाचा : एक १९२.१६८.१ ने आणि दुसरा १९२.१६८.० ने सुरू होत असेल, तर दोघं एकमेकांना आपोआप दिसणार नाहीत. उपाय म्हणजे दुसरा राउटर 'ॲक्सेस पॉइंट' मोडवर टाकणे, म्हणजे तो वेगळं जाळं न बनवता पहिल्याचंच जाळं पुढे पोचवतो. आमच्याकडे जोडणी करून गेलेल्या तंत्रज्ञाने हे करून दिलं नव्हतं, आणि विचारल्यावर "नेट येतंय ना?" एवढंच उत्तर मिळालं.

तिसरं विंडोजचं. कॉम्प्युटरवरून फोनला फाइल जाते, फोनवरून कॉम्प्युटरला मात्र येत नाही, असा एकतर्फी प्रकार दिसला की फायरवॉलवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या दारावरच्या पहारेकऱ्यावर, संशय घ्या. नवीन वाय-फाय जोडलं की विंडोज त्याला बहुधा 'पब्लिक' धरतं आणि बाहेरून येणाऱ्याला दार लावतं. स्वतःच्या नेटवर्कला 'प्रायव्हेट' करा आणि फायरवॉलमध्ये ॲपला परवानगी द्या. वेगळा अँटीव्हायरस असेल तर त्याची फायरवॉलही बघावी लागते; तिथे ५३३१७ हा पोर्ट, म्हणजे लोकलसेंड ज्या क्रमांकाच्या दारातून ये-जा करतं ते दार, मोकळा हवा. ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हीपीएन (लॅपटॉपची वर्दळ ऑफिसच्या जाळ्यातून फिरवणारी जोडणी) चालू असेल तर ते तेवढ्यापुरतं बंद करा.

आयफोनमध्ये आयओएस १४ पासून 'लोकल नेटवर्क' नावाची वेगळी परवानगी लागते. पहिल्यांदा विचारलं तेव्हा घाईत 'नाही' दाबलेलं असतं. सेटिंगमध्ये जाऊन चालू करा. शिवाय फाइल जाईपर्यंत ॲप समोर उघडं ठेवावं लागतं. मध्येच फोन आला आणि माणूस बोलत बोलत बाहेर गेला की गाडी थांबली.

वेगाबद्दल. फोन आणि कॉम्प्युटर दोन्ही वाय-फायवर असतील तर तीच फाइल हवेतून दोनदा जाते : फोन ते राउटर, राउटर ते कॉम्प्युटर. कॉम्प्युटरला केबल लावली की अर्धी वर्दळ कमी होते. फोन वाय-फायच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर घ्या. बाजारपेठेतल्या गर्दीत २.४ ची अवस्था संध्याकाळच्या स्टेशन रोडसारखी असते. राउटरचे लॅन पोर्ट (केबल लावायची भोकं) १०० एमबीपीएसचे, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटचे, असतील तर सेकंदाला साधारण ११ एमबीच्या (मेगाबाइट; आठ बिटांचा एक बाइट) वर जाणार नाही, मग फोन कितीही महागाचा असो.

ॲपमधल्या दोन गोष्टी उपयोगी पडल्या. 'शेअर व्हाया लिंक' वापरलं की समोरच्याकडे ॲप नसलं तरी तो ब्राउझरमधून फाइल उतरवून घेतो. प्रूफ दाखवायला आम्ही हेच वापरतो. दुसरी गोष्ट नाव बदलण्याची. ॲप आपोआप फळाभाज्यांची नावं देतं, आणि दुकानात तीन कॉम्प्युटर असले की कोणता आंबा कोणाचा ते कळत नाही. 'क्विक सेव्ह' मात्र दुकानात बंदच ठेवा, नाहीतर जोडलेल्या कोणाचीही फाइल न विचारता आत येईल.

न आवडलेलं एकच : मोठी फाइल अर्ध्यात तुटली तर ती पहिल्यापासून पाठवावी लागते. फोटोंना फरक पडत नाही. लग्नाच्या व्हिडिओला पडतो, म्हणून फोटोग्राफरकडून तो अजूनही केबलने किंवा पेनड्राइव्हवरच घेतो. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेला आणायला सांगतो, कारण फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.