पीएचपी-कम्पॅटिबिलिटी : सर्व्हर बदलण्याआधी चालवाच

इतवारीतल्या एका धान्य व्यापाऱ्याचं बिलिंगचं सॉफ्टवेअर मी सांभाळते, पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ७.४ आवृत्तीवरचं. त्या आवृत्तीचे सुरक्षा अपडेट नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबले, म्हणून आता ८ वर जायचंय. पीएचपी-कम्पॅटिबिलिटी हे कोडस्निफर या कोड तपासणाऱ्या प्रोग्रॅमसोबत चालणारं मोफत साधन कोड न चालवता नुसतं वाचतं आणि ओळ क्रमांकासकट सांगतं: इथे ईच(), तिथे क्रिएट_फंक्शन(), ही दोन्ही जुनी फंक्शन्स ८.० मधून काढलेली. फार उपयोगाचं! फक्त या साधनाची २०१९ ची ९.३.५ आवृत्ती घेऊ नका, तिला पीएचपी ८ चे बदल पुरते ठाऊक नाहीत. १० ची चाचणी आवृत्ती घ्या. टेस्टव्हर्जन, म्हणजे कोणत्या पीएचपी आवृत्तीसाठी तपासायचं तेही स्वतः द्या.

एक मात्र त्याला पकडता येत नाही. शून्य == 'उधार' (म्हणजे दोन्ही समान आहेत का, ही तुलना) हे आधी खरं ठरायचं, पीएचपी ८ मध्ये खोटं. रकमांच्या अशा तुलना मी हातानंच तपासतेय.