टोकियो की हाँगकाँग? नोकरीनिमित्त राहायला जाणाऱ्यांसाठी एक तुलना

पुण्यामुंबईतून पूर्व आशियात नोकरीसाठी निघालेल्या माणसासमोर अनेकदा टोकियो आणि हाँगकाँग ही दोन नावे येतात; पहिले बहुधा माहिती-तंत्रज्ञानाच्या कामामुळे, दुसरे बँका, व्यापार आणि जहाजवाहतुकीमुळे. चार दिवसांच्या पाहुण्याला दोन्ही शहरे सारखीच झगमगीत, सुरक्षित आणि वक्तशीर वाटतात. राहायला गेल्यावर मात्र फरक लवकर जाणवतो, आणि तो पगाराच्या आकड्यापेक्षा वेगळ्याच ठिकाणी असतो. हाँगकाँग आपल्याजवळचे बहुतेक सारे पहिल्या काही महिन्यांतच देऊन मोकळे होते, तर टोकियो हप्त्याहप्त्याने देते आणि तेही मुख्यतः भाषा शिकणाऱ्याला. त्यामुळे आपण किती वर्षांसाठी जात आहोत, हे आधी ठरवावे आणि मग शहराकडे वळावे.

टोकियोत पहिली परीक्षा घराची असते. खासगी घर घेताना अनामत रक्कम, कधीही परत न मिळणारी आणि सहसा एका महिन्याच्या भाड्याइतकी ‘रेइकिन’, दलाली, जामीन राहणाऱ्या कंपनीचे शुल्क, आगीचा विमा आणि कुलूप बदलण्याचा खर्च असे सारे मिळून करारावर शिक्का पडेपर्यंत चार-पाच महिन्यांचे भाडे हातावेगळे होते. परदेशी भाडेकरू नको म्हणणारे घरमालक आजही भेटतात. यातून सुटण्याचा चांगला मार्ग म्हणजे ‘यूआर’ या सरकारी संस्थेची घरे. तेथे रेइकिन, दलाली आणि जामीनदार यांपैकी काहीच लागत नाही. उत्पन्नाचा किंवा बचतीचा पुरावा पुरतो. एदोगावा प्रभागातील निशी-कासाई आणि त्याच्या आसपासच्या भागात भारतीय कुटुंबे एकवटली, त्यामागे अशा वसाहती हे एक मोठे कारण आहे. इमारत जून १९८१ नंतरच्या भूकंपरोधक नियमांप्रमाणे बांधलेली आहे ना, हे मात्र कोणतेही घर घेताना विचारावेच. घर मिळते ते अक्षरशः रिकामे : छतावर दिवा नाही, खिडकीला पडदे नाहीत आणि पुष्कळदा गॅसची शेगडीही नाही. गॅस सुरू करायला कंपनीचा माणूस येतो तेव्हा आपण घरी हजर असावे लागते. नव्या पत्त्याची नोंद १४ दिवसांच्या आत प्रभाग कार्यालयात करावी लागते, आणि कचरा कोणत्या वारी कोणता टाकायचा याचे पत्रकही बहुधा तेथेच हाती पडते. ते पत्रक गांभीर्याने घ्यावे. चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी तशीच मागे राहते, तिच्यावर सूचनेची चिकटपट्टी लागते आणि शेजाऱ्यांशी होणारी पहिली ओळख नेमकी तीच ठरते.

हाँगकाँगमध्ये हेच काम आठवड्याभरात उरकते. करार इंग्रजीत, मुदत साधारण दोन वर्षांची, पहिल्या वर्षानंतर दोन महिन्यांची सूचना देऊन सुटण्याची सोय, दोन महिन्यांची अनामत आणि अर्ध्या महिन्याची दलाली. अडचण येते ती जागेची. निशी-कासाईत ४५ चौरस मीटरच्या घराला जे भाडे पडते, त्याच्या दुपटीच्या आसपास भाडे देऊन येथे ४०० चौरस फुटांचे घर मिळते. स्वयंपाकघरात एका वेळी एकच माणूस उभा राहू शकतो, ओट्याखाली कपडे धुण्याचे यंत्र बसवलेले असते आणि पोळपाट ठेवायचा तर आधी कुकर खाली उतरवावा लागतो. मार्च-एप्रिलमध्ये हवेतला दमटपणा असा वाढतो की भिंतींना आणि फरशीला पाणी सुटते. चामड्याच्या चपला, पापड, मसाले सगळ्यांवर बुरशी धरते. हवेतील ओलावा शोषणारे यंत्र ही येथे चैन नव्हे. कोकणात पावसाळे काढलेल्या माणसाला याचे फारसे नवल वाटणार नाही.

पैशाच्या हिशेबात हाँगकाँग सरळ पुढे आहे. पगारावरील कर २ टक्क्यांपासून १७ टक्क्यांपर्यंतच्या टप्प्यांत लागतो, विक्रीकर नाही, आणि हाँगकाँग डॉलर १९८३ पासून अमेरिकी डॉलरशी बांधलेला असल्यामुळे गावी पाठवायच्या रकमेचा अंदाज बांधता येतो. कर दरमहा कापला जात नाही, ही सोयही आहे आणि सापळाही; पहिली मागणी येते तेव्हा तिच्यात सरलेल्या वर्षाच्या कराबरोबर चालू वर्षाचा आगाऊ करही असतो. टोकियोत आयकर ५ ते ४५ टक्क्यांच्या टप्प्यांत, शिवाय आरोग्यविमा आणि निवृत्तिवेतनाची कपात. त्यात दुसऱ्या वर्षीच्या जूनपासून आदल्या वर्षाच्या उत्पन्नावर सुमारे १० टक्के रहिवासी कर सुरू होतो, आणि पहिल्या वर्षी हातात पडणाऱ्या पगारावर संसाराचे गणित मांडलेले असेल तर ते तेथे कोलमडते. येनचे तर सांगायलाच नको : २०१२ मध्ये एका डॉलरला ८० येनच्या आसपास असलेला दर २०२४ मध्ये १६० पर्यंत घसरला होता. भारतीय कंपनीने पाच वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी पाठवलेल्यांना एक दिलासा आहे. ऑक्टोबर २०१६ पासून लागू झालेल्या भारत-जपान सामाजिक सुरक्षा करारामुळे, भविष्य निर्वाह निधी कार्यालयाचे प्रमाणपत्र घेतल्यास जपानच्या निवृत्तिवेतनाची कपात टळते. हे प्रमाणपत्र भारतातून निघण्यापूर्वीच घ्यावे.

जोडप्याने निर्णय घ्यायचा असेल तर माझ्या मते सर्वांत वजनदार मुद्दा करांचा नसून जोडीदाराच्या कामाचा आहे, आणि त्याकडे नेमके सर्वांत कमी लक्ष जाते. हाँगकाँगमध्ये नोकरीच्या व्हिसावर आलेल्या व्यक्तीच्या पतीला किंवा पत्नीला वेगळी परवानगी न घेता पूर्णवेळ नोकरी करता येते, आणि इंग्रजीच्या बळावर ती मिळण्याची शक्यताही बरी असते. जपानमध्ये आश्रित व्हिसावर परवानगी काढूनही आठवड्याला २८ तासांपर्यंतच काम करता येते. उच्च कौशल्य व्हिसाधारकांच्या जोडीदारांना सवलत आहे, पण भाषेची भिंत त्यांच्यापुढेही उभी असतेच. दहा वर्षे नोकरी केलेली बाई टोकियोत अचानक दिवसभर घरात बसते तेव्हा त्या घराचे काय होते, हे पगारपत्रक सांगत नाही. घरकामाला माणूस हवे असेल तरीही पारडे हाँगकाँगकडेच झुकते, कारण तेथे घरातच राहणाऱ्या परदेशी मदतनीस ठेवण्याची कायदेशीर आणि रुळलेली व्यवस्था आहे.

मुले लहान असतील तर मात्र पारडे फिरते. टोकियोच्या २३ प्रभागांत १८ वर्षांपर्यंतच्या मुलांचा विम्याखालील दवाखान्याचा खर्च प्रभागच उचलतो, मोठ्यांना ३० टक्के वाटा द्यावा लागतो आणि कोणत्याही गल्लीतल्या डॉक्टरकडे थेट जाता येते. सहा-सात वर्षांची मुले पाठीला दप्तर लावून एकटी शाळेत जातात. केंद्रीय मंडळाचा अभ्यासक्रम शिकवणाऱ्या भारतीय शाळा शहरात आहेत, त्यामुळे परतल्यावर मुलाचे वर्ष वाया जाण्याची धास्ती कमी होते. हाँगकाँगमधील इंग्रजी माध्यमाच्या शाळा उत्तम आहेत, पण शुल्क कंपनी भरणार नसेल तर ते भाड्याच्या जोडीने अंगावर येते. सरकारी रुग्णालये विश्वासार्ह असली तरी तातडीचे नसलेल्या आजारासाठी प्रतीक्षा लांबते आणि खासगी उपचार विम्याशिवाय परवडत नाहीत.

शाकाहाराबाबत दोन्हीकडे डोळे उघडे ठेवावे लागतात. टोकियोत सुक्या माशाचा ‘दाशी’ हा अर्क सूपपासून भाज्यांपर्यंत सर्वत्र शिरलेला असतो, आणि ‘मांस नको’ म्हटल्याने तो टळत नाही. हाँगकाँगमध्ये कालवांचा रस्सा आणि डुकराची चरबी हीच भूमिका बजावतात, पण बौद्ध शाकाहारी उपाहारगृहे सहज सापडतात. तूरडाळ आणि कढीपत्ता दोन्हीकडे मिळतो. टोकियोत निशी-कासाई व शिन-ओकुबो येथील दुकाने आणि हाँगकाँगमध्ये नाथन रोडवरील १९६१ ची चुंगकिंग मॅन्शन्स ही इमारत हे त्यासाठीचे ठरलेले पत्ते.

फिरण्याच्या हौशीने शहर निवडणाऱ्यांनी दोन्ही ठिकाणचे शनिवार-रविवार डोळ्यांसमोर आणावेत. हाँगकाँगमध्ये अर्धा दिवससुद्धा पुरतो. जवळपास ४० टक्के भूभाग संरक्षित डोंगर-उद्यानांचा असल्यामुळे सकाळी शाऊ-के-वानहून ९ क्रमांकाची बस धरावी, ‘ड्रॅगन्स बॅक’ची धार चालून बिग वेव्ह बेच्या वाळूवर उतरावे, समुद्रात डुंबावे आणि दुपारच्या जेवणाला घरी परतावे. १९०४ पासून धावणाऱ्या दुमजली ट्रामच्या वरच्या मजल्यावर पुढची खिडकी पकडली की शहराचा उत्तर काठ थोडक्या पैशांत पाहून होतो. स्टार फेरीने खाडी ओलांडताना मराठी माणसाला ठाऊक असावे असे एक नाते आहे : या सेवेचा पाया १८८८ च्या सुमारास मुंबईहून गेलेल्या दोराबजी नवरोजी या पारशी व्यावसायिकाने घातला. मध्य भागातून डोंगरउतारावरच्या वस्तीत जाणारे सुमारे ८०० मीटर लांबीचे सरकते जिने सकाळी दहापर्यंत कामावर निघालेल्यांना खाली आणतात आणि मग रात्रीपर्यंत वर नेतात. दहाच्या आधी वर जायचे असेल तर शेजारच्या पायऱ्या आणि आपले गुडघे. लांताऊ बेटावरील १९९३ ची ३४ मीटर उंच बुद्धमूर्ती आणि ताई-ओ गावातील पाण्यात रोवलेल्या खांबांवरची घरे एका दिवसात होतात. पण वर्षभरात हे सारे दोनदा-तीनदा पाहून होते. मकाऊला भारतीयांना ३० दिवस व्हिसा लागत नाही, तेवढी सोय आहे. शेन्झेनला मात्र स्थानिक सहकारी दुपारचे जेवायला म्हणून जाऊन येतात आणि आपल्याला चीनचा वेगळा व्हिसा काढावा लागतो.

टोकियो याच्या उलट चालते. यामानोते या ३४.५ किलोमीटरच्या वर्तुळाकार रेल्वेमार्गावरील एकेक स्थानक हे निराळे गाव आहे, आणि पर्यटकांची यादी संपल्यावरच खरी मजा सुरू होते : यानाकाच्या जुन्या गल्ल्या, तेथील मंदिरे, सार्वजनिक स्नानगृहे, मासळीचा मोठा बाजार २०१८ मध्ये तोयोसूला हलल्यानंतरही गजबजलेली त्सुकिजीची बाहेरची गल्ली. शिंजुकूहून केईओ मार्गाने सुमारे ५० मिनिटांत ५९९ मीटर उंचीच्या ताकाओ डोंगराच्या पायथ्याशी पोहोचता येते. कामाकुराची बुद्धमूर्ती तासाभरावर, निक्को दोन तासांवर. मार्चअखेरचा चेरीचा बहर आणि नोव्हेंबरची लाल पाने यांमुळे तीच जागा दरवेळी नव्याने पाहावीशी वाटते. भाषा थोडी येऊ लागली की खेड्यातल्या घरगुती खानावळीतही निर्धास्त बसता येते. खर्च मात्र जाणवतो, कारण जपान रेल पास रहिवाशाला मिळत नाही. भेटीला आलेले आईवडील तो पास काढून देश पालथा घालतात आणि आपण पूर्ण तिकीट काढून त्यांच्या मागोमाग.

धोक्यांची जातही वेगळी आहे. हाँगकाँगच्या वादळांची आगाऊ सूचना मिळते. ८ क्रमांकाचा इशारा लागला की शाळा बंद, बहुतेक कचेऱ्याही बंद. टोकियोतील भूकंप सांगून येत नाही, म्हणून उंच कपाटे भिंतीला बांधणे आणि पाण्याचा साठा ठेवणे अंगवळणी पाडावे लागते. हाँगकाँगमध्ये २०२० च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्यानंतर जाहीर राजकीय बोलण्यावर आलेली मर्यादा परदेशी नागरिकांनाही लागू आहे. नोकरदाराच्या रोजच्या जगण्यात ती क्वचित आड येते. पत्रकारिता किंवा संशोधन करणाऱ्याने मात्र तिचा विचार आधी करावा.

दोघेही नोकरी करणारे आणि तीन-चार वर्षांत बचत घेऊन परतू पाहणारे असतील तर मी हाँगकाँग सुचवेन. तेथे सलग सात वर्षे राहिल्यास कायम वास्तव्याचा हक्क मिळतो, तर जपानमध्ये सर्वसाधारणपणे दहा वर्षे लागतात आणि उच्च कौशल्याच्या गुणपद्धतीत ही मुदत तीन किंवा एका वर्षावर येते. लहान मूल, लांबचा मुक्काम आणि भाषेची तयारी असेल तर टोकियो. या तयारीची सोय पुण्यात हाताशी आहे. जपानी शिकण्याची तेथील परंपरा जुनी आहे आणि निघण्यापूर्वी जपानी भाषेच्या परीक्षेची एन-४ ही प्राथमिक पातळी गाठली तर घर, दवाखाना आणि शाळेतील चिठ्ठ्या यांचे ओझे निम्म्यावर येते. कंपनीशी बोलताना टोकियोसाठी करारावेळचा एकरकमी खर्च कोण देणार आणि जामीनदार कंपनी राहणार का, हे विचारावे. हाँगकाँगसाठी घरभाडे, शाळेचे शुल्क आणि कुटुंबाचा आरोग्यविमा यांपैकी काय काय मिळणार, ते नेमणूकपत्रात लिहून घ्यावे.