गाडीत पाणी येतंय: घरी शोधायचं, कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या गॅरेजात न्यायची की कंपनीच्या वर्कशॉपला?

मॅट उचलून खालचं कार्पेट दाबलं आणि बोटांच्या फटीतून पाणी वर आलं, तर लगेच सिलिकॉन आणायला पळू नका. ओलं बोट आधी नाकाशी न्या. गोडसर वास आणि चिकटपणा जाणवला तर ते पावसाचं पाणी नव्हे, हीटरच्या जाळीतून गळणारं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी आहे. अशा गाडीत पुढच्या काचेवर आतून तेलकट धुकंही बसतं. पाणी स्वच्छ, बिनवासाचं, पुढच्या डाव्या सीटच्या पायाशीच असेल आणि कोरड्या दिवशी एसी लावून कागलला जाऊन आल्यावरही येत असेल, तर एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली आहे. एरवी गाडीखाली पडणारे थेंब बंद झाले असतील तर शंकाच नको. पाणी मातकट आणि कचकच लागणारं असेल तर ते खालून, फ्लोअरच्या निसटलेल्या रबरी बुचातून किंवा गंजलेल्या भोकातून येतंय. उरलं ते पावसाचं, आणि खरी डोकेदुखी तीच.

परवा मावसभावाचा फोन आला. गाडी २०१० ची, मागची डावी बाजू ओली. "दादा, तिघांना दाखवली, तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या. आता कुणाकडं देऊ?" एकानं पुढची काच काढून बसवायला सांगितली होती, दुसऱ्यानं चारी दारांची रबरं बदलायला. तिसऱ्यानं लांबूनच बघून निकाल दिला, "वरनं सिलिकॉन मारूया मालक, काय न्हाई होत." कार्पेट मात्र तिघांपैकी एकानंही उचललं नव्हतं.

यात तिघांना फार दोष देता येत नाही. गळती बंद करायचे पैसे गिऱ्हाईक देतं, शोधायचे देत नाही. तासभर टॉर्च घेऊन गाडीत आडवं पडायची मजुरी कुठल्याच बिलात नसते. म्हणून जो तो आपल्याला जमणारं काम सुचवतो: काचवाला काच, रबरवाला रबर. कुणाकडं द्यायची हा प्रश्न त्यामुळे दुसरा. पाणी कुठून येतंय हे आपल्याला नक्की माहीत आहे का, हा पहिला.

माझे स्वतःचे यात दोन पावसाळे गेले. २००८ ची हॅचबॅक, तीही मागच्या डाव्या बाजूलाच ओली. पहिल्या वर्षी काचेभोवती सिलिकॉन झालं, दुसऱ्या वर्षी दाराचं नवं रबर. पाणी होतं तिथंच. शेवटी वैतागून दाराचं आतलं पॅड काढलं तर आत प्लास्टिकचा कागदच नव्हता. कधीतरी पॉवर विंडोचं काम करताना कुणीतरी तो फाडला होता आणि पुन्हा लावलाच नव्हता. पुष्कळांना माहीत नसतं की दारात पाणी जाणं हा बिघाड नाहीच. काच वरखाली होते त्या फटीतून पाणी दारात उतरतंच. आतला कागद ते केबिनकडे येऊ देत नाही आणि दाराच्या तळाची भोकं ते बाहेर सोडतात. कागद फाटला तर पाणी पॅडमागून ओघळून थेट कार्पेटखाली जातं, बाहेरचं रबर कितीही नवंकोरं असो. दार उघडताना आत डुचमळल्यासारखा आवाज आला तर तळाची भोकं बुजली आहेत असं समजा. काडी घालून मोकळी करायला दोन मिनिटं लागतात.

जुन्या गाड्यांत दुसरा मोठा गुन्हेगार म्हणजे वायपरखालची जाळी. काचेवरून उतरलेलं पाणी त्या जाळीखालच्या पन्हाळीत जमतं आणि दोन्ही टोकांच्या वाटांनी खाली जातं. गाडी गुलमोहराखाली किंवा चिंचेखाली उभी राहत असेल तर त्यांची बारीक पानं तिथं कुजून चिखल होतो, पन्हाळ भरते आणि पाणी ब्लोअरच्या तोंडातून आत येतं. मग गिऱ्हाईक म्हणतं डॅशबोर्ड गळतोय. ब्लोअर लावल्यावर कुजक्या पानांचा वास आला तर आधी बॉनेट उघडून तिथं हात घाला.

डिकीत पाणी असेल तर मागच्या दिव्यांमागचे फोमचे गॅस्केट, डिकीचं रबर आणि छतावरच्या अँटेनाचं बूड बघा. गॅस किट बसवलेली गाडी असेल तर पाइप आणि वायरीसाठी पाडलेली भोकं तपासायची; किट बसवणारा भोक पाडतो, बूच बसवायला विसरतो. म्युझिक सिस्टिमची जाड वायर इंजिनाकडून आत आणणाऱ्यांचीही हीच गोष्ट. आणि गाडी उतारावर उभी राहते का तेही पाहा. नाक खाली करून लावलेल्या गाडीत मागून शिरलेलं पाणी कार्पेटखालून पुढे येतं आणि आपण पुढची काच तपासत बसतो.

शोधायचं कसं: पाइप, वॉशिंग सेंटर की साबणाचा फेस?

वॉशिंग सेंटरवर नेऊन मोठ्या प्रेशरनं पाणी मारायचं, ही पद्धत सगळ्यात सोपी आणि सगळ्यात फसवी. त्या जोराला चांगलं रबरही पाणी आत सोडतं, मग नसलेला दोष सापडतो. पाणी खालून येत असल्याचा संशय असेल तर रॅम्पवर गाडी चढवण्यापुरता तिचा उपयोग आहे.

साबणाची पद्धत उलटी. सगळ्या काचा बंद करायच्या, ब्लोअर पूर्ण वेगात, हवा बाहेरून घेण्यावर, मागची हवा सुटायची जाळी चिकटपट्टीनं बंद. केबिनमध्ये हवेचा दाब तयार होतो. मग बाहेरून काचेच्या कडेला साबणाचं पाणी ब्रशनं लावलं की गळतीच्या जागी बुडबुडे येतात. चिकटवलेल्या काचेसाठी झकास. दाराच्या आतला फाटका कागद किंवा तुंबलेली पन्हाळ मात्र यात दिसत नाही.

माझं मत साध्या बागेच्या पाइपला. नोझल नको, नुसती धार. आधी मॅट काढा, कार्पेटची कड उचला, सगळीकडं वर्तमानपत्राचे कोरडे कागद पसरा, एक माणूस टॉर्च घेऊन आत. बाहेरच्यानं खालून सुरुवात करायची: दाराची खालची कड, मग दाराचा वरचा भाग, मग पुढच्या काचेची खालची बाजू, बाजूच्या कडा, सगळ्यात शेवटी छत. प्रत्येक जागी पाच ते दहा मिनिटं. छतापासून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. रबरावर खडूची भुकटी लावून ठेवली तर पाण्याची वाट पांढऱ्यावर स्पष्ट उमटते. दाराचं रबर दाबतं की नाही हे बघायला तर पाणीही नको. दारात दहाची नोट धरून दार लावा आणि ओढा. सहज सुटली तर तिथं दाब नाही.

या सगळ्यात रविवारची एक सकाळ जाते. खर्च शून्य.

दुरुस्ती: घरी की बाहेर?

वायपरखालची पन्हाळ, दाराची भोकं, दारातला कागद, एसीची नळी आणि फ्लोअरची बुचं, एवढं घरी करा. दारातला कागद काढताना चिकटणारं काळं ब्युटाइल (मऊ, चिकट रबर) जपून सोडवा, नवा जाड प्लास्टिक कागद त्याच मापानं कापा आणि खालची कड दाराच्या आत वळवून बसवा, म्हणजे ओघळलेलं पाणी दारातच परत जाईल. फेविकॉल किंवा साधी चिकटपट्टी इथं पहिल्या पावसातच सुटते, ब्युटाइल टेपच हवी. एक ताकीद मात्र द्यायला हवी: सीट काढताना खाली पिवळा कनेक्टर दिसला तर तो एअरबॅग किंवा सीटबेल्टच्या यंत्रणेचा असतो. तिथं घरगुती हुशारी नको.

शिवाजी उद्यमनगरातल्या गॅरेजची ताकद वेगळी आहे. पत्रा गंजून भोक पडलंय, सांध्यातलं जुनं सील तडकलंय, गॅस किटच्या भोकाला व्यवस्थित बूच बसवायचंय, दिव्याचं गॅस्केट मिळत नाही म्हणून रबर कापून करायचंय: ही कामं तिथं जशी होतात तशी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये सहसा होत नाहीत. वर्कशॉपवाला सुटा भाग बदलतो. उद्यमनगरचा माणूस आहे त्यातून भाग तयार करतो. पण त्याला "पाणी येतंय, बघा" एवढंच सांगून गाडी सोडू नका. "मागच्या डाव्या दिव्याच्या खालच्या स्क्रूतून येतंय" असं बोट ठेवून दाखवा. मजुरीचा अंदाजही मग नेमका मिळतो.

कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपला दोन गोष्टींसाठी जावं. दाराचं किंवा डिकीचं अस्सल रबर हवं असेल तर, आणि कार्पेटखालच्या वायरिंगला, एअरबॅगला पाणी लागल्याचा संशय असेल तर. बाजारातलं मीटरवर मिळणारं रबर दिसायला तसंच असतं, पण त्याचा छेद थोडा जरी वेगळा असला तरी दार जोरात आपटावं लागतं किंवा वाऱ्याची शिट्टी ऐकू येते. मजुरी अर्थात जास्त. आणि मॉडेल बंद होऊन बरीच वर्षं झाली असतील तर भाग मिळतो का हे फोनवर विचारूनच निघा.

पुढच्या काचेला मात्र काचेचंच काम करणारा माणूस गाठा, बाकी कुणी नको. ॲम्बेसेडर, प्रीमियर पद्मिनी, ओम्नी, मारुती ८०० यांची काच रबरी बीडिंगमध्ये बसते. बीडिंग कडक झालं असेल तर ते बदलणं किंवा त्याच्या ओठाखाली न वाळणारं मॅस्टिक (मऊ सीलंट) भरणं पुरतं. नंतरच्या गाड्यांची काच पीयूनं, म्हणजे पॉलियुरेथेननं, थेट पत्र्याला चिकटवलेली असते. ती काच गाडीच्या ढाच्याला बळ देते आणि पुढचा एअरबॅग फुगताना आधारही देते. वरवर काहीतरी फासून भागवण्याची ती जागा नाही.

सिलिकॉनबद्दल थोडं स्पष्ट

लक्ष्मीपुरीत हार्डवेअरच्या दुकानात सगळ्यात सहज मिळतं ते व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन. बाथरूमला उत्तम. पण वाळताना त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं आणि उघड्या पत्र्याला ते गंज चढवतं. शिवाय एकदा सिलिकॉन लागलेल्या जागी नंतर ना पीयू नीट धरत, ना रंग. म्हणजे आजचं स्वस्त काम उद्याचं चांगलं काम अवघड करून ठेवतं. मळून लावायची एम-सीलसारखी इपॉक्सी कडक होते, आणि गाडीचे सांधे तर खड्ड्यागणिक हलतात. तिथं ती तडकते. सांध्यांना पीयू, कागदाला आणि बुचांना ब्युटाइल, आणि सिलिकॉन वापरायचंच तर न्यूट्रल, म्हणजे ॲसिड न सोडणाऱ्या प्रकारचं. पीयू हवेतल्या ओलाव्यानंच पक्कं होतं, त्यामुळे दमट हवेत त्याचं काही बिघडत नाही. पत्रा मात्र लावताना पूर्ण कोरडा, स्वच्छ हवा, आणि निदान एक रात्र गाडी छपराखाली.

रबर मऊ ठेवायला ग्रीस किंवा इंजिन ऑइल चोळणारे लोक आहेत. पेट्रोलियमनं दाराचं रबर फुगतं. सिलिकॉन ग्रीस वापरा. (हो, सिलिकॉनच, पण हे वेगळं.)

विम्याकडून फार आशा नको. झिजेनं झालेलं नुकसान पॉलिसीत बसत नाही. पण काचेला खडी लागून तडा गेला असेल तर हिशेब बदलतो: दाव्यात काचेवर घसारा कापत नाहीत, रबर-प्लास्टिकवर मात्र ५० टक्के कापतात. नवी काच बसवताना सीलही नवं होतं. दावा केला की नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, जातो आणि तो पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत वाढलेला असू शकतो, तेव्हा आधी दोन्ही आकडे कागदावर मांडा.

गाडी १५ वर्षांच्या जवळ आली असेल तर आणखी एक विचार. नोंदणीचं नूतनीकरण पुढच्या ५ वर्षांसाठी होतं. ते करणार असाल तर पीयू, अस्सल रबर, पत्र्याचं काम, सगळं करा. वर्षभरात विकणारच असाल तर घरची कामं आणि एखादं बूच एवढ्यावर थांबा. मात्र गाडी २०१९ किंवा २०२१ च्या पुरात उभी होती असं कळलं तर हा लेख बाजूला ठेवा. तो मामला गळतीचा नव्हेच. सेकंडहँड घेताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, गाळाची रेघ तिथं लपून राहते.

आत्ता की ऑक्टोबरमध्ये?

शोध आत्ता, कारण पाऊस आहे. पत्र्याचं आणि रंगाचं काम उघडीप मिळाल्यावर. पण वाळवणं मात्र थांबवू नका. कार्पेटखालचा फोम पाणी धरून बसतो. वरून हात लावला तर कोरडं वाटतं आणि खाली पत्रा गंजत असतो, वायरींच्या जोडांवर हिरवा थर चढतो. जुलैच्या हवेत दारं उघडी ठेवून काही वाळत नाही. कार्पेट उचलून खाली दोन विटा सरकवा, रात्रभर टेबलफॅन लावा, आणि गाडी चालवताना काचा बंद करून एसी चालू ठेवा. एसी हवेतला ओलावा काढतो. कापूर आणि अत्तराच्या बाटल्यांनी कुबट वास झाकला जातो, जात नाही.

मावसभावानं रविवारी पाइप लावला. काच ठीक, दारं ठीक. छतावर अँटेनाच्या बुडाशी धार धरली आणि दोन मिनिटांत मागच्या डाव्या खांबातून थेंब उतरला. बुडाचं रबर दहा-पंधरा वर्षांत कडक होऊन तडकलं होतं. काचवाल्याला आणि रबरवाल्याला त्यानं अजून काही कळवलेलं नाही. कार्पेटच्या क्लिपाही मी त्याला ठोकू दिलेल्या नाहीत. खाली रोज नवा पेपर घालायचा, आणि दोन मोठे पाऊस तो कोरडा राहिला की मगच सीट बसवायची.